जड पाण्याच्या खानदेशात पिण्याच्या पाण्यातले सूक्ष्म प्लास्टिक घरच्या घरी कसे कमी करावे?

वाघूरकाठ (जळगाव), धागाकर्ती

सप्रेम नमस्कार.

गेला महिनाभर आमच्या घरात पिण्याच्या पाण्याबद्दल जी चर्चा चालू आहे, ती जाणकारांसमोर मांडावी म्हणून हा धागा काढत आहे. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि नात आता तीन महिन्यांची झाली आहे. अंगावरचे दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी दिवसातून दोनदा वरची पावडर द्यायला सांगितली. बाटली कोणती घ्यावी याचा शोध घेताना लेकीला आयर्लंडमधील ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांचा २०२० मधील अभ्यास सापडला. पॉलिप्रॉपिलीनच्या दूधबाटलीत गरम पाणी घालून ती हलवली, तर एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे कण सुटू शकतात, असे त्यात आढळले होते. बाटली आम्ही त्याच दिवशी काचेची आणली, पण प्रश्न बाटलीपाशी थांबला नाही.

आमचे पाणी कोणकोणत्या वाटेने येते ते मी एका सकाळी वहीत लिहून काढले. नळाचे पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढते, तिथून पीव्हीसीच्या पाइपांतून स्वयंपाकघरात येते, मग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या प्लास्टिकच्या टाकीत साठते आणि शेवटी फ्रीजमधल्या बाटल्यांत भरले जाते. पाहुणे आले की वीस लिटरचा जार मागवला जातो, तो वेगळाच. ज्या पाण्यात मला प्लास्टिक नको आहे, ते पाणी ओठांपर्यंत पोहोचेपर्यंत जवळजवळ सतत प्लास्टिकमध्येच राहते.

आतापर्यंत मला समजले ते असे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात आणि एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असलेल्यांना नॅनोप्लास्टिक. बाटलीबंद पाणी यातून सुटलेले नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनिया येथील संशोधकांनी भारतासह नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या, तेव्हा त्यांतील ९३ टक्के बाटल्यांत असे कण सापडले. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अधिक सूक्ष्म पद्धत वापरली आणि बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण मोजले. त्यांतील नव्वद टक्के कण नॅनो आकाराचे होते.

मागच्या आठवड्यात एक विक्रेता घरी आला होता. त्याने आमच्या कूपनलिकेच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवून मोठा आकडा दाखवला, मग त्याच्या यंत्रातून आलेल्या पाण्यात बुडवून लहान आकडा दाखवला आणि "बघा, सगळे प्लास्टिक गेले" असे सांगितले. मला ते पटले नाही, पण का पटले नाही हेही नीट सांगता आले नाही. त्यामुळे विचारते: नळाचे, कूपनलिकेचे आणि जारचे यांपैकी कोणते पाणी बरे? यंत्र बदलणे आवश्यक आहे काय? आणि आपल्या आजीच्या वेळचे उपाय, म्हणजे तांब्याची घागर, माठ, फडक्याने गाळणे, यांचा या नव्या संकटात काही उपयोग आहे का?

*

रसायनशिक्षक (भुसावळ, निवृत्त)

ताई, तुमची शंका अगदी रास्त होती. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. प्लास्टिक पाण्यात विरघळत नाही आणि वीजही वाहून नेत नाही, त्यामुळे पेलाभर पाण्यात मूठभर प्लास्टिकचा चुरा टाकला तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही. हे कण मोजायचे तर पाणी अतिशय बारीक गाळणपटलातून गाळावे लागते आणि पटलावर राहिलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली, अवरक्त किंवा रामन वर्णपटाच्या साहाय्याने ओळखावे लागतात. दारात उभे राहून कोणी ते दाखवू शकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण खानदेशातली माणसे आपल्या जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या, पाण्याला आयुष्यभर नावे ठेवतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. याच पांढऱ्या थराचा या कामी उपयोग आहे, आणि मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे काही वाटत असेल तर ते हेच.

२०२४ च्या फेब्रुवारीत चीनमधील ग्वांगझू येथील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या जडपणाच्या पाण्यात पॉलिस्टायरीन, पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे कण मिसळले, ते पाणी पाच मिनिटे उकळले, निवू दिले आणि मग पाण्यात किती कण तरंगत राहिले ते मोजले. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेल्या पाण्यातले सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत कण कमी झाले होते. ६० मिलिग्रॅमपेक्षा कमी जडपणाच्या मृदू पाण्यात मात्र जेमतेम पाव हिस्सा गेला.

कारण सोपे आहे. आपल्या बेसाल्टच्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी उकळले की त्याचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, घनरूपात बाहेर पडते. तिचे स्फटिक तयार होताना ते पाण्यातल्या प्लास्टिकच्या कणांवर बसतात, कण त्यात कोंडले जातात आणि चुनखडीच्या वजनाने तळाशी जातात किंवा भांड्याच्या कडेला चिकटतात. त्यानंतर वरचे पाणी न हलवता ओतून गाळून घेतले, की तो गाळ वेगळा होतो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटमुळे येणारा जडपणा उकळल्याने जातो आणि त्याला अस्थायी जडपणा म्हणतात. सल्फेट व क्लोराइड यांमुळे येणारा उकळूनही जात नाही. म्हणून केवळ जडपणाचा आकडा पुरेसा नाही. पातेल्यात पाणी उकळून पाहावे. भरपूर पांढरी साय आणि थर आला, तर तुमच्या पाण्यात हा उपाय चालेल. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या कित्येक कूपनलिका या दोहोंच्या मधल्या आहेत. त्याच मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत मायक्रोप्लास्टिकसाठी मात्र कोणतीही मर्यादा घातलेली नाही.

फडक्याबद्दल लिहितो. बांगलादेशात जुनी सुती साडी चार ते आठ पदरी करून पाणी गाळल्याने पटकीचे (कॉलराचे) रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अशा घडीची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची असतात. नुसत्या पाण्यातले लांब तंतू आणि मोठे तुकडे त्यात अडकतील, बारीक कण सुटतील. परंतु उकळलेल्या पाण्यात तेच बारीक कण चुनखडीत बांधले जाऊन आकाराने मोठे झालेले असतात, त्यामुळे फडके उकळण्याच्या नंतर वापरावे. फडके सुतीच हवे. अनेक घरांत नळाच्या तोंडाला जुन्या ड्रेसचा तुकडा बांधलेला असतो, तो बहुधा पॉलिस्टरचा असतो, म्हणजे प्लास्टिक अडवायला आपण प्लास्टिकचेच तंतू लावतो. ओळखायचे असेल तर एक धागा काढून जाळावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून त्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

तांब्याच्या घागरीत काही जिवाणू मरतात हे खरे आहे, प्लास्टिकवर तिचा परिणाम नाही. माठही प्लास्टिक काढत नाही, कारण आपण आतलेच पाणी पितो, पाझरलेले नाही. दोन्हींचा फायदा इतकाच की ती स्वतः प्लास्टिक सोडत नाहीत. माझ्या मते हा फायदा लहान नाही.

*

पांझरेचा फिटर (धुळे)

मी गेली बावीस वर्षे नळजोडणीची कामे करतो. सरांनी उकळण्याचे सांगितले, मी पाइपाचे सांगतो.

पिण्याच्या पाण्यासाठीचा यूपीव्हीसी पाइप आयएस ४९८५ या मानकाचा असतो आणि त्यावर तसा शिक्का असतो. स्वस्तात मिळणारा, शिक्का नसलेला पाइप शेतीच्या किंवा सांडपाण्याच्या कामाचा असतो. तो पिण्याच्या लाइनला कधीही लावू नये. टाकीसाठी आयएस १२७०१ हे मानक आहे.

घरात सर्वांत जास्त प्लास्टिक पाण्यात कधी येते, तर काम झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत. पाइप करवतीने कापला की त्याचा भुगा आत पडतो, आटे पाडताना कीस निघतो, आणि पुष्कळ कारागीर पाइप तसाच जोडून मोकळे होतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हेच केले आहे, कारण कोणी शिकवलेच नव्हते. आता कापलेले तोंड कानशीने साफ करतो, आत ओले फडके फिरवतो आणि काम संपल्यावर सर्व नळांच्या जाळ्या काढून अर्धा तास पाणी वाहू देतो. ते पाणी बादल्यांत धरून फरशी धुवायला वापरावे. नवीन घरात राहायला गेलेल्यांनी महिन्याभराने नळाच्या तोंडची जाळी उघडून पाहावी, पांढरा चुरा डोळ्यांना दिसतो.

गच्चीवरची टाकी उन्हात असते आणि आपल्याकडचे ऊन ४५ अंशांपर्यंत जाते. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते, मग त्याचा पापुद्रा सुटतो. टाकीवर पत्र्याची किंवा बांबूच्या तट्ट्याची सावली केली तर टाकीचे आयुष्य वाढते आणि दुपारी नळाला कढत पाणीही येत नाही. टाकी धुताना तारेची घासणी लावू नका, मऊ ब्रश किंवा कापड वापरा. आतून हात फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर ती टाकी पिण्याच्या पाण्यासाठी बाद समजावी.

*

बोरीकाठची गृहिणी (पारोळा)

आमच्या भागात उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही. ज्यांना रोज पाणी मिळते त्यांना साठवणीचा हा प्रश्न पुरता कळणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पाणी आले की घरातले प्रत्येक भांडे भरावे लागते आणि निळे ड्रम त्यासाठीच घेतलेले असतात. हे ड्रम बहुतेक वेळा कारखान्यातून रिकामे होऊन आलेले असतात आणि त्यांत आधी कोणते रसायन होते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्लास्टिकच्या कणांपेक्षा मला त्याचीच अधिक भीती वाटते.

सर्व ड्रम काढून टाकणे आम्हाला परवडण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही पाण्याचे दोन भाग केले. धुणे, भांडी आणि अंघोळीचे पाणी ड्रममध्येच राहते. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी मात्र पत्र्याच्या झाकणाच्या स्टीलच्या कोठीत भरतो. चार माणसांना आठ दिवसांसाठी पिण्याचे पाणी शंभर लिटरच्या आसपास लागते, म्हणजे पन्नास लिटरच्या दोन कोठ्या पुरतात. एक कोठी धान्याचीच होती, दुसरी भिशीच्या पैशांतून घेतली.

माझी आजी अहिराणीत सांगायची, "पानी गाळीसन पेवानं." तिच्याकडे चौपदरी धोतराचे फडके होते आणि ते रोज धुऊन उन्हात वाळत घातलेले असायचे. सरांचे वाचून मी आमच्या नळाचे फडके जाळून पाहिले, त्याचा मणी झाला. आज ते बदलले.

*

सातपुडा डॉक्टर (नंदुरबार)

बाळाचा विषय निघाला आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

पहिल्या सहा महिन्यांत बाळाला वरचे पाणी मुळीच लागत नाही, वैशाखातल्या उन्हातही नाही. दुधातच पुरेसे पाणी असते. आमच्याकडे प्रेमापोटी आजी, मावशी चमच्याने पाणी चाटवतात आणि मग जुलाब घेऊन बाळ दवाखान्यात येते. म्हणून धागाकर्त्या ताईंना विनंती आहे की नातीच्या बाबतीत फक्त पावडरीच्या पाण्याचा विचार करावा. स्तनपानाचे प्रमाण वाढवण्याचा प्रयत्नही सोडू नये. दूध पुरत नाही असे वाटणाऱ्या अनेक मातांना बाळ धरण्याची पद्धत सुधारल्यावर दूध पुरू लागते.

पावडर कालवायची असेल तर पाणी स्टीलच्या भांड्यात उकळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पावडर कालवताना पाणी ७० अंशांपेक्षा थंड नसावे, कारण पावडरीतले जंतू त्या उष्णतेने मरतात. म्हणजे कालवण्याचे काम गरम पाण्यातच करावे लागते, आणि म्हणून ते स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करावे, दूध कोमट झाल्यावर मगच बाटलीत किंवा वाटीत घ्यावे. तुम्ही उल्लेख केलेल्या आयर्लंडच्या अभ्यासात २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ६ लाख कण आणि ९५ अंशांच्या पाण्यात साडेपाच कोटी कण सुटल्याचे दिसले होते. म्हणजे एकाच बाटलीतून सुटणारे कण केवळ उष्णतेमुळे नव्वदपटीने वाढले. बाळाला वाटी-चमच्याने पाजणे ही आपली जुनी रीत स्वच्छतेच्या दृष्टीनेही सर्वांत सोपी आहे, वाटी घासता येते, बूच घासता येत नाही.

आता प्लास्टिकने आजार होतो का, हा प्रश्न राहतो. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक आढळले. २०२४ च्या मार्चमध्ये इटलीतील डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांतला मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन सापडले आणि पुढील जवळपास तीन वर्षांत त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट दिसला. हा संबंध आढळला आहे, प्लास्टिक हेच कारण आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी मी माझ्या घरी तेवढ्यावरून सावध झालो.

त्याचबरोबर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे की पिण्याच्या पाण्यातले रोगजंतू आणि घातक रसायने यांनाच प्राधान्य द्यावे. माझ्या दवाखान्यात पावसाळ्यात जे येतात ते कावीळ, विषमज्वर आणि जुलाबाचे रुग्ण असतात. प्लास्टिकच्या भीतीने कोणी क्लोरीन टाकणे बंद केले किंवा न उकळलेले विहिरीचे पाणी 'नैसर्गिक' म्हणून पिऊ लागले, तर ते फार मोठे नुकसान होईल. उकळण्याचा उपाय मला आवडतो तो यासाठीच की त्यात जंतूही मरतात आणि प्लास्टिकही कमी होते.

*

वाघूरकाठ (जळगाव), धागाकर्ती

डॉक्टरसाहेब, पाणी चाटवण्याचे माझ्याकडूनच दोनदा झाले होते. आजपासून बंद.

सर, एक व्यवहाराचा प्रश्न आहे. रोजचे दहा लिटर पाणी उकळायचे म्हटले तर गॅस किती लागेल? सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता.

*

रसायनशिक्षक (भुसावळ, निवृत्त)

हिशेब करून सांगतो. दहा लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९०० किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती शेगडीवर गॅसची निम्म्याहून थोडी अधिक उष्णता भांड्याला मिळते असे धरले, तर रोज साधारण ११० ते १३० ग्रॅम गॅस जळेल. महिन्याला ते साडेतीन ते चार किलो होते, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाव हिस्सा. झाकण ठेवून उकळले तर त्यात बचत होते.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी बाळ, गरोदर स्त्री आणि आजारी माणूस यांच्यापुरते दोन-तीन लिटर उकळावे. बाकीच्यांनी क्लोरीन असलेले पाणी सुती फडक्याने गाळून स्टीलमध्ये साठवले, तरी पुष्कळ झाले.

*

केळीबागाईतदार (रावेर)

विषय घराचा आहे, पण आम्हा शेतकऱ्यांचे पिण्याचे पाणी दिवसभर शेतात असते, म्हणून चार ओळी लिहितो. मळ्यात नेलेला प्लास्टिकचा कॅन दुपारी बांधावर तापतो आणि पाण्याला वास येऊ लागतो. लहानपणी बैलगाडीला कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, लटकवलेली असायची, ती झिरपून पाणी गार ठेवत असे. आता मी स्टीलची दहा लिटरची बरणी ओल्या गोणपाटात गुंडाळून केळीच्या सावलीत ठेवतो. गोणपाट तागाचेच घ्यावे, हल्ली खताच्या पोत्यांनाही लोक गोणपाट म्हणतात आणि ती प्लास्टिकची असतात.

मजुरांसाठी गावातून येणारा चहा पातळ पिशवीत येतो आणि कागदी पेल्यांत वाटला जातो. कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये तपासले, तेव्हा १०० मिलिलिटर गरम पेय अशा पेल्यात पंधरा मिनिटे ठेवल्यावर त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म कण आढळले. आम्ही किटली आणि स्टीलचे वीस पेले घेतले. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीलाही आता तेच पेले जातात.

आमच्या बागांमध्ये घडांवर चढवलेल्या पिशव्या, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंगचा, म्हणजे जमीन झाकायच्या प्लास्टिकचा, फाटका कागद बांधावर पडून राहतो, उन्हाने त्याचा चुरा होतो आणि पहिल्या पावसात तो नाल्यातून सुकी, भोनक अशा नद्यांमार्गे तापीत जातो. पुढे तेच पाणी कोणाच्या तरी नळाला येते. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्यात माझ्या बागेचाही वाटा आहे. यंदा सर्व पिशव्या मोजून दिल्या आणि मोजून परत घेतल्या.

*

यंत्र असलेला (चाळीसगाव)

आमच्याकडे पाच वर्षांपासून आरओ आहे. सर्वांचे वाचून असे वाटू लागले की ते निरुपयोगी आहे. तसे आहे का?

*

रसायनशिक्षक (भुसावळ, निवृत्त)

निरुपयोगी मुळीच नाही. आरओच्या पटलातून विरघळलेले क्षारही अडतात, त्यामुळे प्लास्टिकचे कण तर अडतातच. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या दहाव्या ते शंभराव्या भागाइतकी असतात, तीही बहुतेक कण रोखतात आणि त्यांत पाणी वाया जात नाही. केवळ यूव्हीचे (अतिनील किरणांचे) यंत्र असेल तर त्याने जंतू मरतात, प्लास्टिक जसेच्या तसे राहते.

अडचण गाळल्यानंतर सुरू होते. गाळलेले पाणी पुन्हा प्लास्टिकच्या टाकीत पडते, आणि आरओचे पटलही पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीचे असते. कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात बाटलीबंद पाण्यात पॉलिअमाइडचे कण ठळकपणे आढळले आणि ते शुद्धीकरणाच्या पटलातूनच आले असावेत, असा संशोधकांचा अंदाज होता. म्हणून पटल आणि गाळणकांड्या वेळेवर बदलाव्यात, बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन टाक्या पिण्यासाठी वापरू नयेत आणि यंत्राच्या टाकीत पाणी दिवसभर न ठेवता सकाळीच स्टीलच्या पिंपात काढून घ्यावे.

पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आरओ घेऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तेच म्हटले होते. गिरणेच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या चाळीसगावात एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणे मला योग्य वाटत नाही. ते पाणी निदान भांड्यांना वापरावे.

ताईंचा अजून एक प्रश्न राहिला होता, कोणते पाणी बरे? जमिनीखालच्या पाण्यात सहसा प्लास्टिक कमी असते, कारण माती त्याला गाळते. जर्मनीत २०१९ मध्ये भूजलावरच्या नळयोजना तपासल्या, तेव्हा हजार लिटरमागे शून्य ते सात कण सापडले, आणि तेही पाइप व जोडण्या झिजून आले असावेत असा निष्कर्ष होता. मात्र त्या तपासणीत २० मायक्रॉनपेक्षा मोठेच कण मोजले होते. आपल्या कूपनलिकेत फ्लोराइड आणि नायट्रेट किती आहे हे आधी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, कारण उकळल्याने ते जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. तपासणी ठीक आली तर माझी पसंती कूपनलिकेचे पाणी उकळून घेण्याला आहे. जारला माझी पसंती सर्वांत शेवटी, कारण तो जार किती वेळा भरला, कशाने घासला आणि किती उन्हातून आला, यातले काहीच आपल्याला माहीत नसते.

*

वाघूरकाठ (जळगाव), धागाकर्ती

तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी करून घेतली. फ्लोराइड व नायट्रेट मर्यादेत आहेत आणि जडपणा लिटरला ४२० मिलिग्रॅम आला. रोज रात्री आठ लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून पाच मिनिटे उकळते, रात्रभर हलवत नाही आणि सकाळी वरचे पाणी चौपदरी सुती फडक्यातून माठात गाळून घेते. तळाचे पेलाभर पाणी सोडून देते. पहिल्या दिवशी फडक्यावर पांढरी पूड राहिलेली पाहिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षे हे सगळे आपल्या पोटात गेले का गं?" चुनखडीने काही बिघडत नाही हे त्यांना समजावले, पण गॅसबद्दल त्यांनी त्यानंतर विचारले नाही.

चहाची प्लास्टिकची गाळणी, फ्रीजमधल्या बाटल्या आणि प्लास्टिकचा ओगराळा बदलला. टाकीवर सावली केली. यंत्र नवीन घेतले नाही. पाण्याची चव थोडी सपक लागते, ती दुसऱ्या भांड्यात वरून धार धरून ओतले की सुधारते.

आता एकच गोष्ट विचारायची आहे. पातेल्याला बसलेला थर मी लिंबूफूल टाकून काढते आणि ते पाणी तुळशीला घालते. हे बरोबर आहे का?

*

रसायनशिक्षक (भुसावळ, निवृत्त)

तसे करू नका. लिंबूफुलाच्या आम्लात चुनखडी विरघळते, पण तिच्यात कोंडलेले प्लास्टिक विरघळत नाही, ते पुन्हा मोकळे होऊन पाण्यात येते आणि तुमच्या तुळशीच्या मातीत जाते. मोरीत ओतले तर नदीत जाते. थर जाड होऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा पातेले पूर्ण कोरडे करून लाकडी उलथन्याने थर खरवडा, पूड वर्तमानपत्राच्या कागदात बांधून सुक्या कचऱ्यात टाका. फडक्यावरची पूडही वाळल्यावर त्याच कागदात झटकावी आणि मग फडके धुवावे. उरलेल्या पातळ डागासाठी लिंबूफूल वापरले तर चालेल, मात्र त्यानंतर पातेले दोनदा विसळूनच पिण्याचे पाणी त्यात ठेवावे.

आणि मृगाचा पाऊस पडला की काही दिवस नळाला गढूळ पाणी येईल. कूपनलिका आटली आणि ते पाणी वापरावे लागले, तर आधी तुरटी फिरवून चार तास निवळू द्या, वरचे पाणी काढून घ्या आणि मगच उकळायला ठेवा.